सरकारने सगळ्यांनाच दरमहा पैसे दिले तर? यूबीआय, लाडकी बहीण आणि आपला धंदा



मागच्या व्हिडिओत मी लाडकी बहीण योजनेवर जेमतेम दोन मिनिटं बोलले, आणि सगळे प्रश्न त्याच दोन मिनिटांवर आले. त्याआधी चाळीस मिनिटं मार्जिन कसं काढायचं ते शिकवलं, त्यावर कोणी एक अक्षर विचारलं नाही. असो. प्रश्न आलेच आहेत तर आज नीट बोलू.

बहुतेकांचं म्हणणं एकच होतं: "मॅडम, सरकार असे पैसे वाटत राहिलं तर कामाला माणूस कुठून मिळणार?" आमच्या बल्लारपूरच्या बाजारात हेच वाक्य जरा वेगळ्या भाषेत ऐकू येतं. "फुकटचे पैसे देऊन लोकायले आळशी करून ठेवलं बाप्पा!" म्हणणारे स्वतः दुकानदार. आणि गंमत म्हणजे तेच पैसे पुढच्या आठवड्यात त्यांच्याच गल्ल्यात येतात. माझं मॅचिंग सेंटर आहे, म्हणजे अस्तर, फॉल, लेस, धागे, ब्लाउजपीस. ऑगस्ट २०२४ मध्ये राखीच्या तोंडावर योजनेचे पहिले दोन हप्ते एकत्र, म्हणजे ३००० रुपये खात्यात आले, तेव्हा माझ्या काउंटरवर ज्या बायका आल्या त्यांतल्या कितीतरी जणी एरवी फक्त फॉल घ्यायला यायच्या.

पण आजचा विषय लाडकी बहीण एवढाच नाही. त्यामागे एक मोठी कल्पना आहे, तिचं नाव युनिव्हर्सल बेसिक इन्कम, थोडक्यात यूबीआय. मराठीत सार्वत्रिक मूलभूत उत्पन्न म्हणतात. नाव जड आहे, गोष्ट सोपी आहे. सरकारने प्रत्येक माणसाला, तो गरीब असो की श्रीमंत, काम करत असो की नसो, ठरावीक रक्कम ठरावीक वेळेला देत राहायची. रोख द्यायची, धान्य किंवा कूपन नाही. घराला नाही, माणसाला द्यायची. आणि बदल्यात काही मागायचं नाही.

आता या मापाने लाडकी बहीण मोजा. रोख आहे, थेट बाईच्या स्वतःच्या खात्यात येते, आणि त्यासाठी कुठे खड्डे खणायला जावं लागत नाही. इथपर्यंत ती यूबीआयच्या जवळ आहे. पण सगळ्यांना नाही. वय २१ ते ६५, घरचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत, घरात चारचाकी नको (ट्रॅक्टर चालतो), आयकर भरणारा नको. शेतकरी सन्मानाचे पैसे ज्यांना आधीच मिळतात त्यांना १५०० ऐवजी ५०० च. म्हणजे ही निवडून दिलेली मदत आहे. तरीही सव्वादोन-अडीच कोटी बायकांच्या खात्यात दर महिन्याला रोख रक्कम जाणं, एवढ्या मोठ्या प्रमाणावर आपल्या राज्यात हे कधी झालं नव्हतं. यूबीआय समजून घ्यायचं असेल तर फिनलंडला जायची गरज नाही, आपलं पासबुक उघडलं तरी चालेल.

आळशीपणाचा मुद्दा आधी निकालात काढू, कारण तो सगळ्यांना सतावतो. महिन्याला १५०० म्हणजे दिवसाला ५० रुपये. २०२४-२५ मध्ये राज्यात रोजगार हमीची मजुरी होती २९७ रुपये रोज. ५० रुपयांसाठी २९७ सोडणारा माणूस मला दाखवा. हिशेबात तो बसतच नाही. मग लोक काम सोडतात ते कोणतं? जे काम ५० रुपयांच्या आधारावर सोडता येतं ते. म्हणजे अगदीच कमी पैशाचं, नाइलाजाने धरलेलं.

मध्य प्रदेशात २०११ पासून सेवा या संघटनेने युनिसेफच्या पैशातून काही गावांत हा प्रयोग करून बघितला. मोठ्या माणसाला महिन्याला २००, मुलाला १००, वर्षभराने ते ३०० आणि १५० केले. कुठलीही अट नाही. सुमारे ६००० लोकांना पैसे मिळाले. लोक कामं सोडून पारावर बसले का? उलट दुसऱ्याच्या शेतातली मजुरी कमी झाली आणि स्वतःच्या शेतातलं, स्वतःच्या शेळ्यांचं, स्वतःच्या शिलाई मशीनचं काम वाढलं. हे वाक्य परत वाचा, कारण आपल्यासारख्यांसाठी सगळा विषय या एका वाक्यात आहे. काम कमी होत नाही. मालक बदलतो.

आणि हो, याची किंमत मालकाला मोजावी लागते. माझ्याकडे फॉल-पिको करायला एक मुलगी होती. तिच्या आईचे आणि तिचे मिळून महिन्याला ३००० येऊ लागले. सात-आठ महिन्यांनी तिने जुनं पिकोचं मशीन घेतलं आणि घरीच काम सुरू केलं. मला नवीन मुलगी तेवढ्याच पगारात मिळाली नाही, वाढवून द्यावा लागला. "कामाला माणूस मिळत नाही" या तक्रारीत पुष्कळदा "जुन्या पगारात" हे दोन शब्द गाळलेले असतात. मला वाढीव पगार जड गेला, खोटं कशाला बोलू? पण ती मुलगी आज अस्तर-धागा माझ्याकडूनच नेते. कामगार गेली, गिऱ्हाईक आलं.

दुसरा आक्षेप दारूचा. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ ते २०२१ दारूबंदी होती, गडचिरोलीत तर १९९३ पासून आहे, त्यामुळे आपल्याकडे हा विषय निघाला की प्रत्येकाकडे सांगायला काहीतरी असतं. जागतिक बँकेच्या डेव्हिड इव्हान्स आणि ॲना पोपोवा या अभ्यासकांनी वेगवेगळ्या देशांतल्या रोख मदतीच्या योजना तपासल्या. असे पैसे मिळाल्यावर दारू-तंबाखूवरचा खर्च वाढतो असं त्यांना आढळलं नाही. एखाद्या घरात तसं होत असेलच. पण एका घराचा किस्सा आणि शेकडो घरांचा हिशेब यात फरक असतो, आणि धंदेवाल्याने हिशेबावर चालायचं असतं.

आता खर्चाकडे येऊ. इथे मी जरा कडक बोलणार आहे.

लाडकी बहीण योजना जून २०२४ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाली तेव्हा वर्षाला ४६,००० कोटींचा खर्च सांगितला होता. २०२५-२६ साठी तरतूद झाली ३६,००० कोटींची. आता समजा महाराष्ट्राने खरंखुरं यूबीआय आणलं. २०२४ च्या विधानसभेला राज्यात सुमारे ९ कोटी ७० लाख मतदार होते. त्या प्रत्येकाला १५०० रुपये दरमहा, म्हणजे वर्षाला १८,००० द्यायचे. गुणाकार करा: १,७४,६०० कोटी. राज्याचं २०२५-२६ चं सगळं बजेट साधारण ७ लाख कोटींचं. म्हणजे रुपयातले चार आणे या एका गोष्टीवर. उरलेल्या बारा आण्यांत पगार, पेन्शन, कर्जावरचं व्याज, रस्ते, दवाखाने, शाळा. आणि हे फक्त १५०० साठी, ज्यात चार जणांच्या घराचा महिन्याचा किराणाही धड भरत नाही.

केंद्र सरकारच्या २०१६-१७ च्या आर्थिक पाहणी अहवालात अरविंद सुब्रमण्यन यांनी यावर अख्खं प्रकरण लिहिलं होतं. त्यांनी माणशी वर्षाला ७६२० रुपये धरले, म्हणजे महिन्याला ६३५. तेही सगळ्यांना नाही, लोकसंख्येच्या ७५ टक्क्यांना. तरी खर्च देशाच्या जीडीपीच्या जवळपास ५ टक्के निघाला. मग पैसे आणायचे कुठून? आधीच्या सबसिड्या आणि योजना कमी करून, हा त्यातला एक मार्ग. आणि माझा विरोध नेमका इथे सुरू होतो. २०२५ मध्ये लाडकी बहीणसाठी सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास विभागाचा काही निधी वळवला, त्यावरून सरकारातल्याच मंत्र्यांनी नाराजी बोलून दाखवली. आपण गडचिरोलीच्या शेजारी राहतो. तिकडच्या आश्रमशाळेत पोराच्या ताटातली उसळ पातळ करून त्याच्या आईच्या खात्यात १५०० टाकले, तर तिच्या हातात नक्की काय वाढलं? रोख रक्कम रेशनच्या, शाळेच्या, दवाखान्याच्या वर हवी. त्यांच्या जागी आली तर मला ते यूबीआय नको.

"मग श्रीमंताला कशाला द्यायचे?" हा प्रश्न हमखास येतो. ऐकायला बरोबर वाटतो. पण श्रीमंत वगळायचा म्हणजे प्रत्येकाची तपासणी आली, आणि तपासणीत कोण अडकतं ते आपण पाहिलंय. उत्पन्नाचा दाखला, सेतू केंद्राची रांग, आधार लिंक नाही, ओटीपी येत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सुरू झाली, त्यात बाईच्या आधारसोबत नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधार मागितलं. ज्यांचा नवराही नाही आणि वडीलही नाहीत त्यांनी काय करायचं? त्यांच्यासाठी नंतर वेगळी सोय करावी लागली. म्हणजे ज्या बाईला सगळ्यात जास्त गरज, तीच आधी अडकली. आणि दुसऱ्या बाजूला एवढी चाळणी लावूनही हजारो पुरुषांच्या खात्यात पैसे गेल्याचं २०२५ मध्येच उघड झालं. यूबीआयवाले म्हणतात, सगळ्यांना द्या आणि श्रीमंताकडून करातून परत घ्या. कर वसुलीची यंत्रणा आहेच, दुसरी चाळणी कशाला? मला हे पटतं, पण अर्धंच. आपल्या देशात आयकर भरणारे किती थोडे, हे बघता "परत घ्या" हा भाग कागदावरच राहण्याची भीती जास्त.

बरं, सरकारने गरिबाच्या पोटाची हमी घ्यावी हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी उभी राहिली, १९७७ मध्ये कायदा झाला, आणि २००५ मध्ये देशाने तीच कल्पना उचलली. फरक एवढाच की तिथे "काम मागा, काम मिळेल" आहे, इथे "काम न मागता पैसे मिळतील". आणि एक गोष्ट तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत नसते: आपण दुकानदार वर्षाला जो २५०० रुपये व्यवसाय कर भरतो, तो १९७५ साली रोजगार हमीचा खर्च भागवायलाच आला. म्हणजे "आमच्या पैशातून वाटतात" ही तक्रार पन्नास वर्षं जुनी आहे, आणि खरीही आहे. आपल्याच पैशातून वाटतात. दुष्काळात गावं ओस पडली असती तर दुकानंही बंद पडली असती, हा त्यातला आपला फायदा.

आता आपल्या मातीतला मुद्दा. मला स्वतःला हा सगळ्यात रंगतदार वाटतो.

अमेरिकेत अलास्का नावाचं राज्य आहे. तिथे तेल निघतं. तेलाच्या उत्पन्नातला हिस्सा १९७६ पासून एका कायम निधीत टाकतात, आणि १९८२ पासून त्या निधीच्या कमाईतून दरवर्षी प्रत्येक रहिवाशाला, अगदी तान्ह्या बाळालासुद्धा, लाभांश देतात. कधी हजार डॉलर, कधी जास्त, २०२२ मध्ये तर ३२८४ डॉलर. तिथे त्याला कोणी "फुकटचे" म्हणत नाही. जमिनीखालचं तेल सगळ्यांचं, म्हणून हिस्साही सगळ्यांचा.

आपल्या जमिनीखाली कोळसा आहे, वर बांबू आणि तेंदू. बल्लारपूर गाव उभंच आहे खाण, कागद गिरणी आणि रेल्वे यांवर. मग आपला लाभांश कुठे? खाणींच्या रॉयल्टीसोबत येणाऱ्या पैशातून २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठान चालतं, तो पैसा पाणी, आरोग्य, शिक्षण, रस्ते अशा कामांवर खर्च होतो. माझ्या बॅचमधल्या एका पोराने विचारलं, "तोच पैसा आमच्या खात्यात काहून नाही टाकत?" फळ्यावर हिशेब मांडला. २०११ च्या जनगणनेत चंद्रपूर जिल्ह्याची लोकसंख्या २२ लाख. समजा १०० कोटी वाटले, तर माणशी वर्षाला साडेचारशे रुपये. महिन्याला ३८. चहा-समोसा. अलास्कात माणसं सात-सव्वासात लाख आणि तेल अफाट, म्हणून तिथे जमतं. इथे त्याच १०० कोटींतून पाणी आणि दवाखाना नीट झाला तर घरामागे ३८ पेक्षा जास्त वाचतात. फक्त तो नीट होतोय ना हे बघायला ग्रामसभेत, नगरपरिषदेत जावं लागतं, आणि तिथे आपण जात नाही.

धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) गाव तिथे गेलं. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये त्यांना सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. त्याआधी हाच बांबू सरकारी लीजवर कागद गिरणीला जायचा आणि गावाला मिळायची फक्त तोडणीची मजुरी. नंतर विक्रीचा पैसा ग्रामसभेत आला आणि तो कसा वापरायचा ते गावाने बसून ठरवलं. हे यूबीआय नव्हे. पण "मूलभूत उत्पन्न" याचा आणखी एक अर्थ यात दिसतो: महिन्याला नोट हातात येण्याऐवजी, ज्यातून नोट येते ती वस्तूच आपली असणं. मला विचाराल तर आपल्या दोन जिल्ह्यांसाठी हा रस्ता दिल्ली-मुंबईहून येणाऱ्या कोणत्याही हप्त्यापेक्षा पक्का आहे. सोपा नाही, मेंढ्याला तो चालायला कित्येक वर्षं लागली.

आता धंद्याचं बोलू, कारण तुम्ही इथे त्यासाठी येता.

धंदा सुरू करताना माणूस भांडवलाला घाबरतो असं सगळे म्हणतात. माझ्याकडे येणाऱ्या बायका-पोरांना मी विचारते, तेव्हा भीती वेगळीच निघते. "पहिले चार महिने विक्री झाली नाही तर घरात खायचं काय?" ही खरी भीती. कंत्राटी मजुराच्या घरात महिन्याची मजुरी बुडवून कोणी प्रयोग करत नाही. रोख मदतीचा खरा उपयोग इथे आहे. १५०० रुपयांत दुकान उघडत नाही, पण धंदा आपटला तर पोरं उपाशी झोपणार नाहीत एवढी खालची फरशी मिळते.

पण भांडवल तर लागतंच, आणि १५०० चे तुकडे हातात आले की तेलात-मिठात जातात. केनियामध्ये गिव्हडायरेक्ट नावाच्या संस्थेने शेकडो गावांत मोठा प्रयोग लावला. कोणाला दरमहा थोडे पैसे दोन वर्षं, कोणाला तेच बारा वर्षं, कोणाला सगळी रक्कम एकदम. अभिजित बॅनर्जी, तवनीत सुरी यांच्यासारखे अर्थतज्ज्ञ त्याचा अभ्यास करतात. २०२३ मध्ये आलेला निष्कर्ष असा: एकदम रक्कम मिळालेले आणि बारा वर्षांची खात्री मिळालेले, या दोघांनी जास्त धंदे सुरू केले. दोनच वर्षं दरमहा मिळणारे मागे राहिले. आणि बारा वर्षांवाल्यांनी काय केलं माहितीये? त्यांनी एकत्र येऊन भिशी लावली! हो, आपलीच भिशी, त्यांच्याकडे नाव वेगळं. दरमहाच्या छोट्या रकमेची त्यांनी पाळीपाळीने मोठी रक्कम केली.

दहा ओळखीच्या बायका, प्रत्येकीचे १५००, महिन्याला १५,००० एकीला. मोटरचं पिको मशीन दहा-बारा हजारांच्या आसपास येतं, उरलेल्यात धागे आणि फॉल. बचत गट असेल तर त्यातूनच करा, नोंद राहते. फक्त दोन गोष्टी सांभाळा. भिशीचा नंबर ज्या महिन्यात लागेल त्याआधी काय घ्यायचं ते कागदावर लिहून ठेवा, नाहीतर १५,००० लग्नाच्या आहेरात जातात. आणि या १५०० च्या भरवशावर मायक्रोफायनान्सचा आठवड्याचा हप्ता बिलकुल बांधू नका. हप्ता वसूल करणारा ठरलेल्या वारी दारात येतो. सरकारचा हप्ता कोणत्या तारखेला येईल ते कोणीच सांगत नाही, कधी दोन महिन्यांचे एकत्र येतात. धंद्याच्या हिशेबात लाडकी बहीणचे पैसे "उत्पन्न" या रकान्यात लिहू नका, वेगळ्या पानावर लिहा. धंदा त्या पानाशिवाय फायद्यात दिसला पाहिजे.

म्हणूनच २१०० च्या चर्चेत मला फारसा रस नाही. निवडणुकीत १५०० चे २१०० करू असं आश्वासन होतं, आणि दर अधिवेशनात त्यावरून गोंधळ होतो. मागच्या बॅचमध्ये मी विचारलं: १५०० पण पुढची दहा वर्षं, दर महिन्याच्या पाच तारखेला, लेखी, की २१०० पण पुढच्या निवडणुकीनंतर चालू राहील की नाही माहीत नाही? चोवीस बायकांपैकी एकोणीस जणींनी पहिल्यासाठी हात वर केला. उरलेल्यांपैकी एक म्हणाली, मॅडम, मला २१०० च पाहिजे, माझ्या पोरीची फी आत्ता भरायची आहे, दहा वर्षांनी नाही. तिचंही चुकलं असं मी म्हणू शकत नाही.

भिशीचा नमुना तक्ता आणि दोन पानांच्या हिशेब वहीची पद्धत पुढच्या व्हिडिओत दाखवते. येताना वही-पेन घेऊन बसा.